फॉगिंग झालं, टाकी धुतली, तरी आठवड्यात डास परत? पाणी कसं तपासायचं ते क्रमाने

टाक्या धुणं आणि प्लंबिंग हे माझं काम, गाव छत्रपती संभाजीनगर, म्हणजे नळाचं पाणी रोज येतं हे आम्ही फक्त ऐकून आहोत. ही एकच तक्रार इतक्या घरात बघितली की आता लिहूनच टाकतो.

लक्षणं

खालच्यापैकी काय होतंय ते आधी बघा, कारण पुढं कुठं शोधायचं ते यावरून ठरतं.

फॉगिंगची गाडी येऊन गेली की दोन दिवस बरं वाटतं, मग परत तेच. गाडीला शिव्या देऊन उपयोग नाही, धूर फक्त त्या वेळी उडणाऱ्या डासाला लागतो, पाण्यातल्या अळीला त्याचं काहीच होत नाही, आणि डेंग्यूचा डास तर घरात कपाटामागं, पडद्यामागं, टांगलेल्या कपड्यांत बसलेला असतो.

सकाळी आणि दुपारी चार-पाचच्या सुमाराला पायाला चावतात, डास काळा आणि पायावर पांढरे पट्टे: हा एडिस, डेंग्यू चिकुनगुनियावाला. याचं पाणी स्वच्छ, साठवलेलं, आणि बहुतेक वेळा तुमच्याच घरातलं, कारण हा डास फार लांब उडत नाही, फार तर आजूबाजूच्या गल्लीपर्यंत.

रात्री कानाशी गुणगुण, भुरकट रंगाचे, ढीगभर: हा क्युलेक्स. हत्तीरोग पसरवणारा हाच. याला घाण पाणी लागतं, गटार, सेप्टिक टँक, तुंबलेला नाला.

रात्री चावतो पण भिंतीवर बसताना मागची बाजू वर उचलून तिरका बसतो: अ‍ॅनोफिलीस, मलेरियाचा. शहरात तो स्वच्छ पाण्यात, म्हणजे गच्चीवरच्या टाक्या, विहिरी, बांधकामावरचं पाणी. खेड्यात भातखाचरं, कालवे, ओढ्यातली डबकी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं लक्षण, जे लोक सांगत नाहीत, विचारावं लागतं: डास वाढतात ते नळाला पाणी येण्याच्या वाराच्या आसपास का? बऱ्याच घरात उत्तर "हो, तसंच आहे" असं येतं. ते का, ते खाली हौदाच्या ठिकाणी सांगतो.

पहिली तपासणी: पांढरी वाटी आणि टॉर्च (फुकट)

औषध आणायच्या आधी अळी बघा. पांढरी प्लास्टिकची वाटी किंवा जुना मग घ्या, पाण्यावर तुमची सावली पडू देऊ नका, कारण सावली पडली की अळ्या सरळ तळाला जातात आणि तुम्ही म्हणता "काहीच नाही". गेल्या असतील तर दोन-तीन मिनिटं शांत उभं राहा, श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं. मग वाटी तिरकी धरून कडेच्या बाजूनं पाणी उचला, मधलं नाही, अळ्या कडेला आणि जिथं कचरा-शेवाळ आहे तिथं जास्त असतात.

आता वाटीत बघा. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला आडवी चिकटून पडलीय, तर अ‍ॅनोफिलीस. डोकं खाली करून लटकतेय आणि शेपटाकडची श्वासनळी लांब आहे तर क्युलेक्स. लटकतेय पण नळी आखूड आणि जाड, अंग वळवळ वळवळ करत फिरतेय आणि पाणी स्वच्छ आहे, तर एडिस. स्वल्पविरामासारखे वाकडे, डोकं मोठं असलेले गडबडे जीव दिसले तर ते कोष, आणि कोष दिसले म्हणजे घाई करा, कारण दोनेक दिवसात त्यातून डास बाहेर पडणार. कोष काही खात नाही, म्हणून खाऊन मरायची जी औषधं आहेत (बीटीआय जिवाणूची पावडर वगैरे) त्यांचा कोषावर उपयोग नाही. लोक म्हणतात औषध भेसळीचं होतं, प्रत्यक्षात ते उशिरा टाकलेलं असतं.

ही तपासणी महत्त्वाची का, तर अळीची जात कळली की अर्धं घर तपासायचं वाचतं. एडिस असताना गटारात औषध ओतणं म्हणजे नुसते पैसे ओतणं, आणि लोक नेमकं तेच करतात कारण डास म्हटलं की डोक्यात गटारच येतं.

दुसरी: घरातलं छोटं छोटं पाणी (तेही फुकट)

फ्रिजच्या मागचा ट्रे. मनी प्लांटची बाटली. कुंडीखालची ताटली. मुंग्या येऊ नयेत म्हणून कपाटाच्या पायाखाली ठेवलेल्या वाट्या (यात मूठभर मीठ टाका, खारट पाण्यात अळी टिकत नाही). उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी, ते बंद करू नका, रोज बदला एवढंच. गच्चीवरचं टायर, करवंट्या, ताडपत्रीच्या घड्यांत साचलेलं पाणी. वापरात नसलेल्या संडासचं भांडं, भाडेकरू गेलेल्या खोलीत तर हमखास.

ओंजळभर पाणी पुरतं, आणि सावलीतलं जास्त धोक्याचं. मे महिन्यात उघड्या उन्हात पडलेल्या डब्यातलं पाणी इतकं तापतं की अळी जगत नाही, पण तोच डबा जिन्याखाली किंवा झाडाखाली असला तर पाणी गार राहतं, पानं पडून कुजतात, त्यावर जिवाणू वाढतात आणि तेच अळीचं खाणं. म्हणून शोधताना आधी सावलीत शोधा.

आमच्याकडे यात एक खास वस्तू, कूलर. मार्च ते जून घरोघरी चालतो, पाऊस पडला की लोक बंद करतात आणि तळाचं पाणी तसंच. बरं, कोणी पाणी काढून माळ्यावर ठेवला तरी एडिसची अंडी टाकीच्या आतल्या कडेला पाण्याच्या रेघेच्या जरा वर चिकटलेली असतात आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पुढच्या मार्चमध्ये कूलर काढला, पाणी भरलं, की एक-दोन दिवसात अळ्या. लोकांना वाटतं नवीन पाण्यातून आल्या. तर कूलर ठेवताना आतली कड ब्रशनं घासायची, गवत टाकून द्यायचं, उन्हात वाळवायचा, मगच वर.

तिसरी: हौद, ड्रम, रांजण (खर्च एक ब्रश आणि एक जुनं धोतर)

इथं जरा थांबतो, कारण मराठवाड्यातला निम्मा घोळ इथंच आहे.

अंड्यापासून डास व्हायला पावसाळ्यातल्या आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात, थंडीत जास्त. म्हणूनच आरोग्य खातं सांगतं आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, म्हणजे चक्र पूर्ण व्हायच्या आत तुटतं. आता ज्या गावात पाणीच आठ-दहा दिवसांनी येतं तिथं हौद भरलेला असतो नेमका तेवढाच काळ जेवढा डासाला लागतो. दुष्काळात पाऊस नाही, डबकी नाहीत, तरी डेंग्यू का, याचं उत्तर हेच, पाणी कमी असलं की लोक साठवतात जास्त.

त्यात अजून एक गोष्ट होते. हौदातलं पाणी रोज उपसून खाली जातं, भिंतीचा ओलसर भाग उघडा पडतो, आणि एडिसची मादी त्या ओल्या खरबरीत सिमेंटवर अंडी घालते, पाण्यात नाही. दिवसामागून दिवस वेगवेगळ्या रेघेवर अंडी जमा होत जातात. मग पाण्याचा वार येतो, तुम्ही हौद काठोकाठ भरता, आणि ती सगळी अंडी एकदम बुडतात आणि एकदम फुटतात. पुढच्या पाण्याच्या वाराच्या आसपास त्यांचे डास झालेले. म्हणून डास वारावर येतात.

आता "हौद रिकामा करा" असं कोणाला सांगायची सोय नाही, दोन हजार लिटर पाणी गटारात सोडा म्हटलं तर लोक मलाच हौदात सोडतील. त्यामुळं मी सांगतो ते असं: पाणी यायच्या आदल्या दिवशी हौद तसाही तळाला गेलेला असतो, तोच तुमचा कोरडा दिवस. उरलेलं पाणी दुहेरी सुती कापडातून गाळून बादल्यांत घ्या, गाळलेल्या अळ्या आणि तळाचा गाळ तापलेल्या कोरड्या जमिनीवर फेका (गटारात नको), आणि भिंत वरपासून खालपर्यंत ब्रशनं किंवा काथ्यानं घासा. नुसतं पाणी ओतून विसळलं तर अंडी निघत नाहीत, चिकटलेली असतात, हात दुखेपर्यंत घासणं हाच इलाज. प्लास्टिकच्या ड्रमला मेहनत कमी, सिमेंटला जास्त. गाळ काढणं पण तितकंच गरजेचं, गाळ नसेल तर अळीला खायला कमी आणि ती हळू वाढते.

भरल्या भरल्या तोंडाला कापड ताणून दोरीनं बांधा. पत्रा नुसता वर ठेवलेला चालत नाही, बोटभर फट मादीला भरपूर झाली.

दोन गैरसमज. टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकली म्हणजे अळ्या मरतात, नाही, पिण्याच्या पाण्यात जेवढी टाकतात तेवढ्यानं जंतू मरतात, अळी मजेत राहते. आणि वरवरच्या अळ्या चहाच्या गाळणीनं काढल्या की झालं, तेही नाही, कारण गर्दी कमी झाली की उरलेल्यांना खाणं जास्त मिळतं आणि त्या चांगल्या पोसून मोठ्या होतात. काढायच्या तर सगळ्या.

जनावरांचा, बांधकामाचा किंवा वापराचा मोठा हौद असेल जो कधीच रिकामा होत नाही, तर गप्पी मासे. हिवताप ऑफिसात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, बऱ्याच ठिकाणी त्यांची पैदास केंद्रं असतात आणि मासे फुकट देतात. त्यात टीसीएल टाकू नका, मासे मरतील. आणि उगाच नदी-तळ्यात नेऊन सोडू नका, तिथले देशी मासे तेच काम करतात. जुन्या गावतळ्यात जिथं मासे, चतुरांची पिल्लं, पाणकिडे आहेत तिथं मोकळ्या पाण्यात डासअळ्या फार कमी दिसतात, सापडल्या तर कडेच्या गवतात. उलट चार दिवसांपूर्वी खणलेल्या खड्ड्यातलं पाणी बघा, त्यात खाणारं कोणी नाही म्हणून अळ्याच अळ्या. पाणी जुनं की नवं हे पण बघायचं असतं.

चौथी: गच्चीवरची टाकी

वर चढून बघा, आणि वर चढणं जमत नसेल तर जमणाऱ्याला पाठवा, ओल्या शिडीवरून पडलेली माणसं बघितलीत. तीन गोष्टी: झाकण नीट बसतंय का (उन्हानं वाकडं होतं), ओव्हरफ्लो पाइपचं तोंड उघडं आहे का, आणि एअर व्हेंट. झाकण सगळे बघतात, ओव्हरफ्लो कोणीच बघत नाही. इंचभराच्या पाइपातून डास आरामात आत जातो. खिडकीला लावतो ती डासाची जाळी दुहेरी करून क्लिपनं बांधा, खर्च किरकोळ. फक्त वर्षातून एक-दोनदा जाळी साफ करा, क्षार साचून बंद होते आणि मग टाकी झाकणातून वाहते.

टाकीतल्या मलेरियाची गोष्ट जुनी आहे. मुंबईत १९११ साली बेंटली नावाच्या डॉक्टरनं शहरातल्या मलेरियाची चौकशी केली तेव्हा बोट विहिरींकडेच गेलं होतं, आणि मग विहिरी बुजवण्या-झाकण्यावरून बराच वाद झाला. आता विहिरींसोबत टाक्या आहेत, डास तोच.

पाचवी: नळाचा खड्डा आणि व्हॉल्व्हचा चेंबर

प्रेशर नसतं म्हणून नळाजवळ खड्डा खोदून खालच्या पातळीवरून पाणी भरायचं, हे आमच्याकडे गल्लोगल्ली आहे. पाणी भरून झालं की खड्ड्यात वीतभर उरतं, त्यावर फरशी टाकतात, म्हणजे सावली पण झाली आणि वारा पण लागत नाही. घरातलं सगळं झाकूनही डास हटत नाहीत तेव्हा मी सरळ इथं जातो. उपाय: पाणी भरून झाल्यावर मगानं उपसून फडक्यानं टिपून घ्या, नाहीतर खड्ड्याचा तळ फोडून खाली खडी-विटांचे तुकडे भरा म्हणजे पाणी मुरेल. पण इथं सावध, नळाचं कनेक्शन गळकं असेल तर बाहेरचं घाण पाणी लाइनमध्ये ओढलं जातं, त्यामुळं आधी गळती काढा. वॉटर मीटरचा खड्डा, रस्त्यावरचा व्हॉल्व्ह चेंबर, तेच. रस्त्यावरचा चेंबर तुमचा नाही, उघडू नका, फोटो काढून महापालिकेला तक्रार करा.

सहावी: सांडपाणी (क्युलेक्स असेल तरच)

बाथरूमच्या नाणी ट्रॅपमध्ये (मोरीच्या जाळीखालचं भांडं) पाणी असतंच आणि वापर चालू असेल तर ते बदलत राहतं, अळी होत नाही. बंद बाथरूमचा ट्रॅप मात्र बघा. मग बाहेर गली ट्रॅप (घरातलं सांडपाणी जिथं बाहेर पडतं तो जाळीचा खड्डा), चेंबर. पाणी वाहतं असेल तर अळी टिकत नाही कारण तिला पृष्ठभागाशी स्थिर राहून श्वास घ्यायचा असतो, म्हणून प्रश्न "गटार आहे का" हा नाही, "गटारात पाणी कुठं थांबतंय" हा आहे. काठी घालून बघा, प्लास्टिक, वाळू, नारळाची शेंडी अडकली की मागं डबकं होतं. जोरदार पावसात या अळ्या वाहून जातात म्हणून ऐन पावसाळ्यात क्युलेक्स कमी वाटतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये नाले आटून नुसतं सांडपाणी उरलं की एकदम उठतो. पुण्याकडे नदीवर जलपर्णी पसरते तेव्हाही हेच, पाणी हलत नाही. जलपर्णीत अजून एक जात असते, मॅन्सोनिया, ती मुळांना नळी टोचून तिथूनच हवा घेते, वर येतच नाही, त्यामुळं पाण्यावर तेल टाकून तिचं काही बिघडत नाही, वनस्पतीच काढावी लागते.

सेप्टिक टँकसाठी सोपी परीक्षा: संध्याकाळी व्हेंट पाइपच्या तोंडाला जाळी बांधा, सकाळी जाळीच्या आतून डास चिकटलेले दिसले की गुन्हेगार सापडला. जाळी काढूच नका, तीच दुरुस्ती. स्लॅबच्या भेगा आणि झाकणाची कड सिमेंटनं बंद करा. न वाहणाऱ्या बंद खड्ड्यात थर्माकोलच्या बारीक दाण्यांचा थर सोडला तरी काम होतं, झांझिबारमधल्या मकुंदुची गावात १९८०च्या दशकात संडासाच्या खड्ड्यांत हे करून बघितलेलं आहे, अळीला श्वास घेता येत नाही आणि मादीला अंडी घालता येत नाहीत. पण ज्या टाकीचं पाणी बाहेर वाहतं तिथं नको, पहिल्या पावसात दाणे गल्लीभर.

जळकं ऑइल ओतायची पद्धत आहे. डबक्यावर तवंग अखंड राहिला तर अळ्या आणि कोष दोन्ही गुदमरतात, पण वाऱ्यानं, कचऱ्यानं तवंग फुटतो आणि ते तेल जमिनीत, विहिरीत जातं. मी वापरत नाही. खेड्यात असाल तर शोषखड्डा करा, नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घराघरात शोषखड्डे केले आणि गटारच ठेवली नाहीत, पुढं त्यालाच नांदेड पॅटर्न म्हणायला लागले. मात्र काळी माती असेल तर पाणी पटकन मुरत नाही, खड्डा खोल आणि मोठा घ्यावा लागतो, गवंड्याला विचारून करा.

इथं थांबा, दुसऱ्याला बोलवा

सेप्टिक टँकमध्ये उतरायचं नाही. झाकण उघडून वाकून बघायचं पण नाही. आतल्या वायूनं माणूस एक-दोन श्वासांत पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसरा पण पडतो. २०१३ च्या कायद्याप्रमाणे सुरक्षेच्या साधनांशिवाय कोणाला आत उतरवणं गुन्हा आहे, पैसे देऊन सुद्धा. सक्शन गाडी मागवा. बरेच दिवस बंद असलेला जमिनीखालचा पाण्याचा हौद पण असाच, एकट्यानं उतरू नका.

लिफ्टच्या खड्ड्यात पाणी असेल (अपार्टमेंटमध्ये डासांचा हा पत्ता हमखास निसटतो) तर लिफ्टवाल्यालाच बोलवा, तो लिफ्ट बंद करून काम करेल.

पिण्याच्या पाण्यात अबेट (अळी मारायचं औषध) स्वतःच्या अंदाजानं टाकू नका. आरोग्य सेवक टाकतात ते लिटरमागं मोजून, एक लाख लिटरला शंभर ग्रॅम मूळ औषध एवढं ते बारीक प्रमाण आहे, बुचभर-दोन बुचं असा हिशोब तिथं चालत नाही.

शेजारी बांधकाम असेल आणि स्लॅबवर बांध घालून पाणी भरून ठेवलं असेल, किंवा बेसमेंटमध्ये पाणी असेल, तर आधी सुपरवायझरशी नीट बोला, आठवड्यात एक दिवस पाणी काढून टाका म्हणावं, ऐकलं नाही तर महापालिकेच्या मलेरिया विभागाकडे लेखी तक्रार, त्यांना नोटीस काढता येते. पडकी विहीर, खाण, नाला, हे पण त्यांचंच काम, तुमच्या बादलीचं नाही.

आणि घरात कोणाला ताप आला असेल तर हे सगळं शोधणं बाजूला ठेवून आधी डॉक्टर, रक्त तपासा. मनानं अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, डेंग्यू निघाला तर त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. रुग्णाला दिवसा पण मच्छरदाणीत ठेवा, एडिस दिवसाच चावतो आणि त्याच्याकडून उचलून दुसऱ्याला देतो.

विचारायचं असेल तर अळीचा फोटो टाका, पांढऱ्या वाटीत, वरून नाही तर बाजूनं काढलेला, आणि सोबत सांगा पाणी कुठलं, किती दिवसांचं, सावलीत की उन्हात, आणि तुमच्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं.